दोन तुकड्या सुरमईच्या

“मीठ जास्त पडलं असेल का, चाचा? की आंबट कमी?”

विचारणारा हरेश्वर चोगले. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलचा मुख्य आचारी. इब्राहीमचाचांनी बंदरावरच्या खानावळीत चाळीस वर्षं चूल सांभाळली होती. आता डोळे अधू झाले होते. हरेश्वर सुरी धरायला शिकला तो त्यांच्याकडेच.

आपल्या ओटीवर बसलेल्या चाचांनी काठी जवळ ओढली.

“गावी आल्यापासून तीन दिवस रोज वेगळा मासा करतोय आईसाठी. माझ्या हातचं खायला लोक आधी नाव नोंदवून येतात, चाचा. आणि माझीच आई ताट सरकवते. जनू गेल्यापासून नुसती पेज पिते.”

जनू त्याचा धाकटा भाऊ. चार महिन्यांपूर्वी होडी घेऊन गेला. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. जनू नाही.

“काय चुकतंय, ते तरी सांगा.”

चाचा उठले.

“चल, तुझ्या घरी.”

घरी आई मागच्या दारात बसली होती. समुद्राकडे पाठ करून. चाचांना ओळखून तिने फक्त मान हलवली.

“मसाले ठेव बाजूला,” चाचा चुलीपाशी पाट ओढून बसले. “हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ. बस.”

हरेश्वरला ते फार साधं वाटलं. तरी त्याने सुरमईच्या दोन तुकड्यांना तेवढंच चोळलं. एकीकडे गवार फोडणीला टाकली, भात झालाच होता. तवा तापला. तुकड्या चर्र वाजल्या.

थोड्या वेळाने त्याने उलथनं तुकडीखाली घातलं. चाचांनी त्याचं मनगट धरलं.

“अजून पाणी सुटतंय. ऐक.”

“चाचा, मला दिसतंय ना...”

“ऐक.”

दोघे ऐकत राहिले. आवाज हळूहळू बारीक झाला. तुकडी अलगद सुटली, लालसर, अख्खी.

हरेश्वरने ताट वाढलं. आईकडे न्यायला उचललं.

“चाख,” चाचा म्हणाले.

“वासावरून कळतं मला.”

“मघाशी मला मिठाचं विचारत होतास. चाख.”

हरेश्वरने मासा मोडला. हात तोंडापर्यंत गेला... आणि तिथेच थांबला. त्याने घास परत ताटात ठेवला.

“नाही जात, चाचा.”

“कधीपासून?”

त्याने ताट खाली ठेवलं.

“तेव्हापासूनच. हॉटेलात दुसऱ्याला चाखायला लावतो. कुणाला माहीत नाही. वाटतं, हा मासा त्याच पाण्यातला, ज्या पाण्यात तो...”



मागच्या दारात हालचाल झाली. आई भिंतीला धरून उठत होती. ती आत आली, त्याच्या समोर उभी राहिली.

“तूपण?” ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

“आणि मला वाढत होतास?”

“तू तरी जगावीस म्हणून, आई.”

आई खाली बसली. त्याचा हात धरून त्यालाही बसवलं. ताटातला मासा तिने उचलून परत तव्यावर ठेवला. भातात गवार कालवली. एक घास त्याच्या तोंडाशी धरला. तो चावत होता आणि रडत होता. दुसरा घास तिने स्वतः घेतला. गिळताना तिला त्रास झाला. तरी गिळला.

जनूचं नाव कोणी काढलं नाही. एकाच ताटातून दोघांनी भात संपवला.

बाहेर अंधारून आलं होतं. चाचा काठी चाचपत दाराशी गेले. हरेश्वर हात न धुताच त्यांच्या मागे आला.

“चाचा, मासा तर तसाच राहिला. कोणीच नाही खाल्ला.”

“हो,” चाचा म्हणाले. “उद्या पुन्हा सुरमईच आण.”