साखर किती घालू?

देवाशपथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. एखादं वाक्य सोडून.

कौलांच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर वस्तीला पाळणाघर हवं होतं. बिल्डर गुर्जरसाहेब त्याच जागेवर मॉलची कोनशिला बसवून वस्तीत आले आणि ऐटीत म्हणाले, "तुमचं मत सांगा. तुम्हाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही!"

वस्तीतल्या हौसाक्कांनी आधी चहा दिला, पाकासारखा गोड. मधुमेह असूनही साहेबांनी भिडेखातर कप संपवला.

"साहेब, साखर किती घालू?"

"अहो, पिऊन झाल्यावर विचारताय होय?"

"तुम्ही नाही का, कोनशिला बसवून झाल्यावर आलात!"

साहेबांचे कान तापले. रिकाम्या कपातून नजर वर काढवेना. "चुकलंच," ते पुटपुटले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोनशिला उखडून टाकली.

हे शेवटचं वाक्य तेवढं माझ्या पदरचं. कोनशिला आहे तिथेच आहे. तिच्यासमोरून जाताना साहेब मान फिरवतात.