बाजारात फोडलेला तंबोरा

“आणि मग तू तो फोडलास?”

दस्तगीरचाचांनी हातातली कानस खाली ठेवली नाही. नुसती थांबवली.

“फोडला,” धैर्यशील म्हणाला. “भर बाजारात. शंभर माणसांच्या देखत.”

त्यानं खांद्यावरचं पोतं चटईवर टेकवलं. आत काहीतरी खडखडलं. पुण्याहून मिरजेपर्यंत ते पोतं त्यानं एसटीत मांडीवर धरून आणलं होतं, आणि एवढ्या प्रवासात त्याचा राग तसूभर उतरला नव्हता.

चाचा जागचे हलले नाहीत.

धैर्यशीलला ते खुपलं. त्याला वाटलं होतं, चाचा उठतील, पाठीवर हात ठेवतील.

मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे करणारी घरं आहेत, त्यांतलंच हे एक. चाचांचं वय बहात्तर. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून धैर्यशील सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली आला होता. हात चांगला होता. नजर त्याहून चांगली होती, आणि ते त्याला जरा जास्तच माहीत होतं.

तयार वाद्यं पोचवायला तोच शहरोशहरी जायचा. काम उरकलं की पाय आपोआप जुन्या बाजाराकडे वळायचे. हैदराबाद, सुरत, नागपूर... गंजलेली कुलपं, बंद पडलेले मिक्सर, लष्करी बूट यांच्या ढिगातून तो नेमकी वस्तू उचलायचा. कधी कोरीव खुंटी, कधी पितळी तारांचा जुना डबा. विकणाऱ्याला माहीत नसायचं ते त्याला दुरून दिसायचं. त्यातच त्याला खरी मजा वाटायची.

एकच गोष्ट त्याला मिळत नव्हती.

तंबोऱ्याच्या दांडीवर, खुंट्यांच्या मागं, कारागिराच्या नावाची चिठ्ठी चिकटवतात आणि वरून रोगणाचा हात देतात. धैर्यशीलनं केलेल्या एकाही तंबोऱ्यावर त्याचं नाव नव्हतं. दरवर्षी तो विचारायचा. दरवर्षी चाचा म्हणायचे, “अजून नाही.”

आज ते मिळणार, अशी त्याची खात्री होती. ज्यानं गुरूच्या नावासाठी भर बाजारात भांडण अंगावर घेतलं, त्याला गुरू आणखी किती थांबवणार?

“नीट सांग,” चाचा म्हणाले. “पहिल्यापासून.”

धैर्यशील सांगू लागला. सांगता सांगता त्याचा आवाज पुन्हा चढला.

रविवारी सकाळी तो पुण्याच्या जुन्या बाजारात शिरला होता. एका बाईनं रस्त्याच्या कडेला चादर अंथरली होती. पन्नाशी उलटलेली बाई. पुढ्यात कंदील, पाटा-वरवंटा, जुन्या शिवणयंत्राचं चाक, आणि मागच्या भिंतीला टेकून उभा तंबोरा.

“मिरजेचा आहे, भाऊ,” ती म्हणाली होती. “दस्तगीर कारागिराचा. मागं नाव बघा.”

त्यानं बघितलं. पिवळी पडलेली चिठ्ठी. त्यावर चाचांचं नाव.

“आणि खाली काय होतं माहितीये, चाचा? दांडी वाकडी! अशी तशी नाही, उघड्या डोळ्यांना दिसेल इतकी. खुंट्या एका रेषेत नाहीत. भोपळा आणि दांडी जुळतात तिथं पानं कोरलेली, ती एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला चार! चार! मोजता न येणाऱ्या माणसानं कोरल्यासारखी. आणि त्यावर तुमचं नाव!”

“मग?”

“मग काय! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी तिला म्हटलं, बाई, हे नाव तुम्ही कुठून चिकटवलंत? तर म्हणते, माझ्या सासऱ्यांचा आहे. ते स्वतः मिरजेला जाऊन घेऊन आले होते. आमची चाळ पाडतायत, नव्या खोलीत जागा नाही, म्हणून काढला.” धैर्यशील तुच्छतेनं हसला. “जुन्या बाजारात प्रत्येकाला एक सासरा असतो, चाचा. माल खपवायला लागतो.”

चाचा हसले नाहीत.

“मी तिला खोटारडी म्हटलं. आजूबाजूचे जमले. ती एकच धरून बसली, सासऱ्यांचा आहे, सासऱ्यांचा आहे. मी म्हटलं ठीक आहे, मागाल ती किंमत देतो. दिली. तंबोरा उचलला, आणि तिथंच फरशीवर...”

त्यानं दोन्ही हातांनी करून दाखवलं.

“लोकांनी टाळ्या वाजवल्या, चाचा. मोबाइलवर घेतलं सगळ्यांनी. कालपासून गाणाऱ्या लोकांचे मला फोन येतायत. म्हणतात, शाबास, असा शिष्य पाहिजे.”

“आणि ती बाई?”

“ती काय म्हणणार?”

“काहीच बोलली नाही?”

धैर्यशील जरा अडखळला. “म्हणाली... पैसे दिलेत, तुमचा झाला. पण फोडायचाच होता तर आधी सांगायचं होतं. मी दिला नसता.”

 दुकानाबाहेर कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“वाजवून पाहिलास?” चाचांनी विचारलं.

“काय?”

“तंबोरा. फोडण्याआधी.”

“त्यात वाजवायचं काय होतं? दिसतच होतं की!”

“तारा होत्या?”

“होत्या चारही.”

“मग वाजवला नाहीस.”

“चाचा, खोटं नाणं कुणी वाजवून...” तो थांबला. नाणं वाजवूनच बघतात, हे त्याच्या लक्षात आलं. तो आणखी चिडला. “मला नाही गरज वाटली.”

चाचांनी पोत्याकडे बोट दाखवलं. “ओत.”

धैर्यशीलनं पोतं उलटं केलं. भोपळ्याची शकलं, मधोमध तुटलेली दांडी, गुंतलेल्या तारा, तीन खुंट्या. तारा ज्यावर टेकतात ती शिसवी घोडी तेवढी शाबूत होती.

चाचा पुढं सरकले. त्यांनी एकेक तुकडा उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला. पानांच्या कोरीवकामावरून अंगठा फिरवला. पाच. मग दुसऱ्या बाजूनं. चार. शेवटी दांडीचा वरचा तुकडा घेतला आणि चिठ्ठी वाचली. बराच वेळ वाचली. नाव तर दोनच शब्दांचं होतं.

“अक्षर अब्बांचं आहे,” ते म्हणाले.

“कुणाचं?”

“माझ्या वडलांचं. आणि काम माझं.”

धैर्यशीलला आधी वाटलं, चाचा त्या बाईला वाचवायला बोलतायत. मग त्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“मी एकोणीस वर्षांचा होतो. अब्बांनी हात न लावता माझ्याकडून करवून घेतलेला हा पहिला. पाचवं पान कोरताना पटाशी निसटली. लाकडाचा टवका उडाला. मग ती जागा घासून सपाट केली, म्हणून चार.”

“हे शक्य नाही.”

“पुण्याहून एक शिंपी आला होता. भजनी माणूस. दुकानात बारा तंबोरे होते, अब्बांच्या हातचे, एकाहून एक देखणे. तो डोळे मिटून बसला आणि एकेक वाजवत गेला. जेवायची वेळ टळली तरी उठला नाही. शेवटी हाच घेऊन गेला.” चाचांनी चटईवरच्या शकलांकडे पाहिलं. “मी त्याला म्हणालो, हा वाकडा आहे. तो म्हणाला, दिसतंय मला, शिंपी आहे मी.”

बाईच्या पुढ्यातलं ते शिवणयंत्राचं चाक धैर्यशीलला आठवलं. मगाशी आपणच ते सांगितलं होतं, हेही आठवलं. 

पण राग काही सहज जात नाही. त्याला फक्त दुसरीकडे जायला वाट लागते.

“मग चूक तुमची आहे!” तो एकदम म्हणाला.

चाचांनी वर पाहिलं.

“हो, तुमची! केसाएवढी रेघ वर आली तर तुम्ही माझं काम परत करता. सहा वर्षं! सहा वर्षं माझं नाव लावू देत नाही. आणि स्वतः असलं वाकडं काम नावानिशी बाहेर सोडलंत? कसं सोडवलं तुम्हाला? मी काय ओळखणार? मला तुम्हीच शिकवलंत ना, दस्तगीरचं काम कसं असतं ते!”

 असं तो चाचांशी कधीच बोलला नव्हता.

“बरोबर आहे तुझं,” चाचा म्हणाले. “मीही अब्बांना हेच म्हणालो होतो. नाव लावू नका, लाज वाटते. रडलो होतो.”

“मग?”

“अब्बा म्हणाले, वाकडं तू केलंस. नाव दुसऱ्या कुणाचं लावू?”

धैर्यशील उभा होता तो खाली बसला.

चाचांनी घोडी उचलली. सदऱ्याच्या टोकानं पुसली. मग कोपऱ्याकडे मान वळवली. तिथं धैर्यशीलचा नवा तंबोरा होता, चार महिने खपून केलेला. दांडी ओळंब्यात. पानं दोन्हीकडे पाच, आरशात पाहिल्यासारखी. फक्त चिठ्ठीची जागा रिकामी.

“आण तो.”

त्यानं आणून दिला.  क्षणभर त्याला वाटलं, आता चाचा हा फोडणार. आणि त्याच क्षणी त्याला कळलं की चाचांनी फोडला, तर आपल्याला तोंड उघडायला जागा नाही.

चाचांनी फोडला नाही. त्यांनी तारा सैल केल्या, धैर्यशीलनं बसवलेली चकचकीत घोडी काढली आणि जुनी तिथं ठेवली. तिच्यावर दोन-चार हात कानस फिरवली. तारा चढवल्या. प्रत्येक तारेखाली सुताचा एकेक धागा सरकवला. कान दांडीला लावून खुंट्या पिळत राहिले. घाई नव्हती.

मग त्यांनी तार छेडली.

धैर्यशीलनं हा तंबोरा शेकडो वेळा छेडला होता. स्वच्छ वाजायचा. पण छेडल्यावर आवाज तारेतच राहायचा, बाहेर येऊन पसरायचा नाही. का, ते त्याला चार महिने उमगलं नव्हतं, आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती.

आता खोली भरली. एका आवाजाचे दोन झाले, दोनांचे चार. भिंतीला टांगलेले कोरडे भोपळेसुद्धा हलके गुणगुणू लागले.

त्या बाईनं हे ऐकलं असणार. लग्न होऊन घरात आल्यापासून, रोज संध्याकाळी, स्वयंपाक करता करता. आणि चाळीबरोबर हेही काढावं लागतंय म्हणून चादर अंथरून बसली असणार. तिथं एक शहाणा माणूस आला आणि तिला खोटारडी म्हणाला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवल्या! कुणी एकानंही विचारलं नाही, अरे, ऐकून तरी बघ. त्याला त्या शंभर माणसांचा संताप आला. मग पहिला संताप कुणाचा यायला हवा, ते कळलं, आणि त्यानं मान खाली घातली.

तार थांबली...

आवाज मात्र जरा उशिरा थांबला.

“त्या पोरानं सहा वर्षं नावासाठी हट्ट धरला,” धैर्यशील स्वतःबद्दलच असं बोलला, जणू तो दुसराच कुणी होता. “चाचा, मला नाव नको. कधीच नको. यावर तुमचंच लावा.”

चाचा उठले. फळीवरची पत्र्याची डबी काढली. तीतून चिठ्ठीचा एक कोरा कागद काढून चटईवर ठेवला. शेजारी दौत ठेवली, टाक ठेवला.

“लिही.”

“नको, चाचा.”

“लिही म्हणतो ना.”

धैर्यशीलनं टाक घेतला. शाईत बुडवला. डोळे भरून आले होते, कागद नीट दिसत नव्हता.

“कुणाचं नाव लिहू?” त्यानं विचारलं. “माझं? की तुमचं?”

चाचा त्याच्यासमोर खाली बसले, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

“हा तंबोरा आता त्या बाईकडे जाणार. तिचं नाव काय?”