खळग्याजवळचं हिरवं पान

फार जुन्या काळची गोष्ट. एका रानात एक भला मोठा काळा खडक होता. रानात पाणवठे बारा, म्हणून खडकावर खळगेही बारा. ज्या पाणवठ्याला जेवढं पाणी, तेवढे पांढरे खडे त्याच्या खळग्यात. पाणवठ्यांवरच्या पक्ष्यांकडून रोज येणाऱ्या खबरीप्रमाणे खडे भरायचं काम एका खारीकडे होतं. उन्हं कलली की खडे चमकू लागत आणि अख्खं रान त्या खडकावर उतरल्यासारखं दिसे. रोज पाहूनही खारीचा श्वास क्षणभर थांबे.

उन्हाळ्यात हत्तींचा कळप खडक पाहूनच वाट धरी. एका वर्षी मात्र विपरीत घडलं. तिसरा खळगा काठोकाठ भरलेला पाहून कळप दिवसभर चालत गेला. तिथे होता फक्त भेगाळलेला चिखल. कळप परतला तेव्हा सर्वांत लहान पिल्लू खडकाशेजारी कोसळलं. आता त्याच्यात एकदाच चालण्यापुरतं बळ उरलं होतं.

खडकाची देखरेख करणाऱ्या वानराने खारीला टोमणा मारला, "काय ताई, खडे भरता भरता डुलकी लागते वाटतं?" मग त्याने तिच्या मदतीला आणखी चार खारी नेमल्या आणि खडक घासूनपुसून लख्ख करवला. पण त्या दिवशीची खबरच अजून आली नव्हती. आधी एक खार वाट पाहत बसे, आता पाच बसल्या.

खबर ज्या वाटेने येई, त्या वाटेने पहिली खार उलटी निघाली.

ती वाट सावरीच्या एका उंच झाडापाशी संपत होती. बारा पाणवठ्यांवरचे बारा पक्षी तिथे जमत आणि त्यांचा म्होरक्या, धनेश पक्षी, सगळ्यांची खबर एकदम खडकाकडे पाठवी. खार पोचली तेव्हा अकरा पक्षी पहाटेपासून गप्प बसून होते. सातव्या पाणवठ्याची टिटवी यायची होती.

"ती नाहीच आली तर?" खारीने विचारलं.

"तर तिची जुनी खबर पुन्हा सांगायची," धनेश म्हणाला. "तिसऱ्याचा बगळा चार दिवस आला नव्हता, तेव्हाही तसंच केलं. जागा रिकामी ठेवली तर हत्ती काय म्हणतील?"

खारीला एकदम खडक आठवला. एक खळगा कालचा, एक परवाचा, एक चार दिवसांपूर्वीचा, आणि उन्हात सगळे सारखेच चमकणारे.

"धनेशकाका," ती हळूच म्हणाली, "पिल्लू खडकाशी पडून आहे. ज्याला जे दिसलं ते त्याला लगेच सांगू द्या. येताना पाणवठ्यावरचं एक हिरवं पान तेवढं आणायला सांगा."

धनेश फांदीवर जरा बाजूला सरकला. तो म्हणाला, "आज मी मध्ये बोलत नाही."

पक्षी उडाले. पान खुडून जो तो थेट खडकावर येऊ लागला. खारीने खडे कमीजास्त केले आणि प्रत्येक खळग्याजवळ त्याचं पान ठेवलं. उन्हात पानं हळूहळू सुकू लागली. कोणती खबर ताजी आणि कोणती शिळी, हे न सांगता दिसू लागलं.

संध्याकाळी थोरली हत्तीण आली. सातवा खळगा शिगोशीग भरलेला होता, पण त्याच्याजवळ पानच नव्हतं. नववा जेमतेम अर्धा होता. त्याचं पान मात्र टवटवीत होतं. हत्तीण कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग तिने खारीला अलगद मस्तकावर घेतलं आणि नवव्याची वाट धरली; पिल्लासह कळप मागोमाग निघाला.

पहाटे झाडी मागे पडली आणि समोर पाणी पसरलं. अर्धा खळगा म्हणजे केवढं पाणी, हे खारीला त्या दिवशी कळलं. आभाळ त्यात मावलं होतं, चाळीस हत्तींच्या सावल्या मावल्या होत्या. पिल्लाने सोंड बुडवली आणि ते पिऊन होईपर्यंत कळपातलं कुणी हललं नाही.

तेवढ्यात थकलेली टिटवी येऊन काठावर बसली. तिने सांगितलं, सातवा पाणवठा तीन दिवसांपूर्वीच आटला होता.

तेव्हापासून त्या खडकावर पानाशिवाय कुणी खडा ठेवत नाही.

तात्पर्य : जुनी खबर खोटी नसते, पण तिचं वय लपवलं, की ती खोटीहून अधिक घात करते.