तारेवाचून, भाड्यावाचून

कोंढेगडच्या राजकन्येचं लग्न अकरा दिवसांवर आलं आणि लग्नपत्रिका उघडेना. दप्तरखान्यातल्या कॉम्प्युटरवर एकच ओळ दिसत होती : 'महिन्याचं भाडं भरा.'

भाडं तर भरलेलं होतं. पण दरबारात लिहायचं, तक्ते मांडायचं, चित्रं काढायचं सगळं सॉफ्टवेअर परमानंदशेठचं, आणि ते चालायचं शेठच्या वाड्यातून आलेल्या तारेवर. आदल्या दिवशी राजाच्या हत्तीने तारेच्या खांबाला पाठ घासली. खांब आडवा झाला, तार तुटली, आणि भाडं पोचल्याचं शेठच्या वाड्यातून कॉम्प्युटरला कळायचं बंद झालं.

"खांब उभा करायला पंधरा दिवस लागतील," शेठ म्हणाला. "हत्तीला आवरायला हवं होतं."

"हत्तीला कुणी काही बोलायचं नाही," धारराव महाराज म्हणाले.

महाराज माणूस वाईट नव्हते हो. पण हट्टाला पेटले की राणीसाहेबसुद्धा चार दिवस माहेरी जाऊन यायच्या. त्यांनी तिथल्या तिथे दवंडी पिटवली : तारेवाचून आणि भाड्यावाचून चालणारं सॉफ्टवेअर उद्या दुपारपर्यंत हजर करावं. शेठचं जेवढं काम करतं तेवढं सगळं त्याने केलं पाहिजे. एकही काम कमी चालणार नाही!

दुसऱ्या दिवशी एकटी सगुणा आली. सगुणा कासाराची लेक. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं टीचभर दुकान होतं. लग्नाच्या, बारशाच्या पत्रिका आणि वाढदिवसाचे फलक ती तिथे करून द्यायची. घरातली चार तोंडं त्या दुकानावर चालत. शेठचा त्या कोपऱ्यावर फार दिवसांपासून डोळा होता.

"हरली तर दुकान माझं," शेठ म्हणाला.

"कबूल," महाराज म्हणाले. कबूल करणाऱ्याचं दुकान नसलं की कबुली पटकन येते.

सगुणाने पदराच्या गाठीतून पेन ड्राइव्ह काढला आणि दप्तरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला. "यात लिहायचं एक आहे, तक्त्यांचं एक आणि चित्रांचं एक. माझ्या दुकानापर्यंत तार कधी आलीच नाही, म्हणून मी पहिल्यापासून हेच वापरते."

"कितीला घेतलं?" शेठने विचारलं.

"फुकट."

"म्हणजे चोरीचं!"

"करणाऱ्यांनीच सांगितलंय, घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या. हा त्यांचा परवाना."

चिटणीस नरहरपंतांनी परवाना मोठ्याने वाचायला घेतला. तिसऱ्या पानावर महाराजांनी हात वर केला. "पुरे. इतकं कंटाळवाणं आहे म्हणजे खरंच असणार."

मग शेठने यादी उलगडली. ती थेट उंबऱ्यापर्यंत गेली. "माझं सॉफ्टवेअर तीनशे बारा कामं करतं. हिचं करेल?"

"आधी दप्तरात यातली कोणती कामं होतात ते विचारू या का?" सगुणा म्हणाली.

तिन्ही कारकुनांना बोलावलं. पहिला म्हणाला, "मी महाराजांचं नाव ठळक करतो. मग मधोमध घेतो."

दुसरा म्हणाला, "मी घोड्यांच्या दाणा-चंदीची बेरीज करतो."

तिसरा दुसऱ्याच्या मागे सरकला. महाराजांनी डोळे वटारले तेव्हा म्हणाला, "मी तसबिरीतून महाराजांची खालची हनुवटी काढतो."

महाराजांचा हात हनुवटीकडे गेला.

"आम्हाला हनुवट्या किती आहेत?" महाराजांनी विचारलं.

"तसबिरीत एकच, महाराज."

सगुणाने नाव ठळक केलं, मधोमध घेतलं. चंदीची बेरीज केली. हनुवटी काढली, आणि जरा विचार करून मिशाही वर केल्या. पत्रिकेचा मजकूर राणीसाहेबांना तोंडपाठ होता. त्या सांगत गेल्या, सगुणा लिहीत गेली. वर गणपती, खाली आमचे येथे श्रीकृपेकरून, कडेला वेलबुट्टी. तासाभरात पत्रिका छापून महाराजांच्या हातात पडली.

"सुरेख," महाराज म्हणाले. "पण अट ती अट. तीनशे बारा म्हणजे तीनशे बारा."

राणीसाहेबांनी कपाळाला हात लावला. शेठ मिशीतल्या मिशीत हसला. बाजारातला तो कोपरा त्याला आता समोर दिसत होता.

"बरं," सगुणा म्हणाली. "शेठजींनी एकेक काम करून दाखवावं, त्यांच्यामागोमाग मी करते. त्यांचं जे काम होईल ते माझं झालं नाही, तर दुकान घ्यावं."

महाराजांना हे रास्त वाटलं. शेठ पहिल्या कॉम्प्युटरपाशी गेला. त्याने एक बटण दाबलं. 'महिन्याचं भाडं भरा.' दुसरं दाबलं. 'महिन्याचं भाडं भरा.' शेठने घाम पुसला आणि दोन्ही हातांनी दहा बटणं एकदम दाबली. कॉम्प्युटरचा विचार काही बदलला नाही.

"झालं दाखवून?" सगुणाने विचारलं. "महाराज, तार नसली की शेठजींचं सॉफ्टवेअर एकच काम करतं. बंद राहतं. तेवढंच माझं करायचं राहिलंय."

असं म्हणून तिने भिंतीवरचा आपल्या कॉम्प्युटरचा खटका बंद केला. पडदा काळा झाला.

"झालं, महाराज. एकही काम कमी नाही."

"महाराज, ही फसवणूक आहे!" शेठ ओरडला. "तिने खटका लावला की तिचं परत सुरू होईल!"

"होईल की," सगुणा म्हणाली. "ते एक काम जास्तीचं. अट कमी नको अशी होती. जास्त नको असं कुणी म्हटलं नव्हतं."

महाराज आधी गालात हसले. मग पोट धरून हसले, इतके की तसबिरीतून काढलेली हनुवटी सगळ्या दरबाराला हलताना दिसली. पण कुणी ती पाहिल्याचं दाखवलं नाही.

"शेठ, तुमची तार खांबासकट घरी घेऊन जा," महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि सगुणा, आजपासून दप्तर तुझ्या हाती. दुकान तर तुझंच. शिवाय तुला बक्षीस म्हणून दरमहा पन्नास मोहरा..."

"दरमहा नको, महाराज," सगुणा म्हणाली. "बक्षीस काय ते एकदाच देऊन टाका."