लुसियाबाय कोंसूच्या दारात थांबते

वसईकडच्या आमच्या कागडआळीत घरोघर फुलांची वाडी, तरी देवळातल्या संत लुसियाचा गळा मोकळा का, असं तुम्ही विचारलंत. नवा माणूस हे विचारतोच. बसा, सांगतो.

लुसिया फार जुन्या काळातली, दूरच्या समुद्राकाठची मुलगी. येशूवर तिचा जीव जडला, म्हणून तिने लग्न नाकारलं आणि आपला हुंडा गोरगरिबांना वाटून टाकला. तिला ओढून न्यायला सरकारी माणसांनी बैल जुंपले, पण ती जागची हलली नाही, असं सांगतात. शेवटी तिला तिथेच मारलं. मूर्तीच्या हातातल्या तबकात दोन डोळे आहेत ना, ते तिचे, मारण्याआधी काढलेले म्हणतात. लोकांच्या नजरेची राखण ती करते.

आमच्याकडे बस्त्याव नावाचा वाडीवाला होता. देवीच्या साथीत त्याची नजर गेली. बायको कोंसूने त्याला हाताला धरून फिरवलं, घास भरवले, वाडीचं शिंपणंही तिनेच केलं. तो लुसियाला नवस बोलला, नजर परत आली तर वाडीतलं प्रत्येक फूल तुझं. आणि म्हणे, नजर परत आली.

तेव्हापासून त्या घरात एक कळी उरली नाही. कोंसूने पहाटे कागडा खुडायचा, हार गुंफायचा आणि बस्त्यावने तो देवळात नेऊन मूर्तीकडे बघत बसायचं. कोंसूचा अंबाडा कोरडाच. विहिरीवर शेजारीण चिडवायची, "तुझ्या सवतीचा सण आला गो. नवं लुगडं काढ." कोंसू हसायची नाही. हार गुंफताना दोरा इतका आवळायची, की देठं तुटायची.

एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "तुमचे डोळे परत आले, पण माझ्याकडे वळले नाहीत." तो म्हणाला, स्वर्गातल्या माणसाचा हेवा करू नये, पाप लागतं.

त्या वर्षी सणाची मिरवणूक निघाली तेव्हा कोंसूने दार लावून घेतलं. पालखी नेमकी तिच्या दारासमोर आली आणि जड झाली. खांदेकरी वाकले, आणखी माणसं धावली, पालखी हलेना. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, तरी नाही. मग बस्त्यावने दार ठोठावलं. तुझ्या हेव्याने संत रुसली, बाहेर येऊन माफी माग, म्हणाला.

कोंसू बाहेर आली, पण तिने गुडघे टेकले नाहीत. मूर्तीसमोर ताठ उभी राहिली.

"लुसियाबाय," ती म्हणाली, "नवरा तूच ठेव. माझी फुलं तेवढी दे."

आणि मूर्तीच्या गळ्यातला हार काढून तिने आपल्या अंबाड्याला गुंडाळला. लोकांनी जीभ चावली. बस्त्याव हात उगारून पुढे झाला. तेवढ्यात पालखी अशी हलकी झाली, की खांदेकरी धडपडले म्हणे.

पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "जिने स्वतःचा हुंडा वाटला, तिला दुसरीच्या वाट्याची फुलं जड झाली."

बस्त्यावचा हात खाली आला. तो कोंसूकडे बघत राहिला. कोंसूचा हेवा गेला की नाही, ते कुणी सांगत नाही. पुढेही ती मूर्तीकडे तिरकीच बघायची, असं म्हणतात.

आजही मूर्तीला हार घालतात तो फक्त सणाच्या दिवशी, आणि तोही काढून द्यायला. कोंसूचं घर कधीच पडलं, पण पालखी त्या जागी थांबते. जिला घरच्याने फूल दिलं नाही, त्या बाईने पुढे व्हायचं आणि हार घ्यायचा. तिला कुणी काही विचारत नाही. आमच्या आळीतले नवरे सणाच्या सकाळी अंधारातच वाडीत शिरतात, ते याच धास्तीने.

तरी दर वर्षी कुणीतरी पुढे येतेच.