अंगठ्याची साक्ष

एकदा एका वेल्डरने आपल्या जुन्या मोटारीचे काम घराच्या अंगणात, स्वतःच्या हातांनी करायचे ठरवले. पुढचे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर एक रबरी आवरण असते. गॅरेजवाले त्याला बूट म्हणतात. तो बूट फाटला होता. आतले ग्रीस बाहेर उडत होते, रस्त्यावरची धूळ आत जात होती आणि वळणावर चाकातून कटकट ऐकू येत होती.

हे काही हौसेचे काम नव्हते. त्याच्या बायकोची, शालनची, मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तिला घाट ओलांडून डायलिसिसला न्यावे लागे आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा जायचे होते. सुया टोचता याव्यात म्हणून डॉक्टरांनी तिच्या डाव्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून दिल्या होत्या. त्या जागी बोट ठेवले की वाहत्या रक्ताची थरथर लागे, कान टेकवला तर तिचा सूं सूं आवाजही येई. "ही थरथर थांबली तर आत रक्त गोठलं समजा आणि असाल तसे निघा," असे त्यांनी बजावले होते. शालनची स्वतःची बोटे आजाराने बधिर झाली होती. म्हणून रोज सकाळी नवराच तिथे अंगठा टेकवून पाही. दोन वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता.

त्या सकाळीही त्याने अंगठा टेकवला.

"आहे ना हो?" शालनने विचारले.

"आहे की! रोज काय तेच विचारतेस?" असे म्हणत तो जॅक शोधायला बाहेर पडलासुद्धा.

शेजारी एक वृद्ध मिस्त्री राहत. उभे आयुष्य गॅरेजात गेलेले. आता हात कापतात म्हणून तोंडानेच काम शिकवीत. वेल्डर त्यांना उस्ताद म्हणे. ते स्टुलावर बसून सांगत गेले आणि याने चाक काढले, दांडा ओढून बाहेर घेतला, फाटका बूट कापून टाकला, सांधा फडक्याने पुसला. मग आतले उरलेसुरले ग्रीस बोटांत चोळून पाहिले.

"साफ आहे उस्ताद. लोण्यासारखं लागतंय. नवा बूट चढवू?"

मिस्त्री स्टुलावरून उठले. ते वाकले, सांध्यातल्या पोलादी गोळ्यांच्या खाचेतून काळे ग्रीस बोटावर घेतले आणि सरळ दातांखाली धरले. वेल्डरला शिसारी आली. म्हातारा भ्रमिष्ट झाला की काय, असेही क्षणभर त्याच्या मनात आले. मिस्त्री थुंकले.

"रेती आहे," ते म्हणाले. "दाताला लागली. तुझ्या बोटाला नाही लागली, कारण ठिणग्या सोसून सोसून ते बोट मेलंय. माझंही असंच झालं होतं. धाकट्या भावाच्या गाडीचा सांधा मी असाच बोटांत चोळला आणि म्हटलं, साफ आहे, जा बिनघोर. वरून नवा कोरा बूट. आत रेती लोखंड खात राहिली. घाटाच्या चढावर सांधा फुटला, गाडी मागे घसरत दरीत गेली. मी खोटं बोललो नव्हतो रे. पण रोज तेच काम करणाऱ्या हाताला मी विचारलं, आणि अशा हाताला 'ठीक आहे' एवढंच बोलता येतं. त्याला कळतच नाही, तर तो दुसरं काय सांगणार? तेव्हापासून मी दाताला विचारतो. दाताला ग्रीसची सवय होत नाही."

वेल्डरने थोडे ग्रीस आपल्याही दातांखाली धरले. करकरले. तो थुंकला आणि कितीतरी वेळ आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहत राहिला. जाड, काळा, चकाकणारा अंगठा. सांधा तसाच उघडा टाकून तो उठला, साबणाने घाईघाईने हात धुतले आणि घरात गेला.

शालन कॉटवर टेकून मेथी निवडत होती. त्याने तिचा डावा हात उचलला, पण अंगठा टेकवला नाही. त्याने कान टेकवला.

"हे काय नवीनच?" ती हसली. "आहे ना हो?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने लगेच उत्तर दिले नाही. कान त्याने तसाच दाबून धरला, श्वास रोखला, जागा बदलून पाहिली. हात उबदार होता. आत मात्र काहीच वाजत नव्हते, आणि गेल्या डायलिसिसनंतर ते केव्हा थांबले हे त्याला सांगता आले नसते.

"नाही," तो म्हणाला. "नाही गं शालन. ऊठ, आत्ताच निघायचंय."

दारात आलेल्या मिस्त्रींनी त्याचा चेहरा पाहिला आणि रस्त्यावर येईल ते वाहन थांबवायला ते वळले. अंगणात गाडी जॅकवर तशीच उभी होती.

आपणही रोज सकाळी घरातल्या कुणाला तरी 'बरं आहे ना?' असे विचारतो, आणि उत्तर मात्र आपल्याच अंगठ्याकडून घेतो.