चेटकिणीचा हुंकार

एकदा एक तरुण कथेकरी आपल्या वृद्ध गुरूंकडे धावतपळत आला. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. "गुरुजी, कथा जमली! पंखांचा घोडा आहे, सात दरवाज्यांची पाताळनगरी आहे, रानात चेटकीण आहे. उद्या यात्रेत सांगू ना?"

गुरूंच्या अनुज्ञेवाचून शिष्याने यात्रेत उभे राहायचे नाही, असा त्यांच्याकडचा दंडक होता. "आज पारावर ऐकव, मग पाहू," गुरू म्हणाले.

गाव जमला. श्रोत्यांपैकी एकाने हुंकार द्यायचा आणि तो आल्यावरच कथेकऱ्याने पुढे जायचे, ही तिथली रीत. त्या दिवशी गुरूंनी हुंकाराला बसवले कोणाला, तर गावाबाहेर राहणाऱ्या म्हाताऱ्या सगुणेला. तिला सारे चेटकीणच म्हणत आणि तिच्याशी कोणी बोलत नसे. लोकांच्या भुवया चढल्या. शिष्यही गोंधळला, पण कथेच्या भरात त्याने सुरुवात केली.

घोडा उडाला. "हं," सगुणा म्हणाली. पाताळनगरीचे दरवाजे उघडले. "हं." म्हातारीचे डोळे लुकलुकू लागले. शिष्याला चेव आला. "आणि रानात एक चेटकीण राहत होती. तिची नजर पडली की मुले दगावत."

हुंकार आला नाही. शिष्याने वाक्य पुन्हा म्हटले, तरी नाही. यात्रा हातची जाणार, या भीतीने तो पुढे सरकून म्हणाला, "मावशी, हुंकार का देत नाही?"

"पुढं तिला दगडं मारत्यात, ठावं हाय मला," सगुणा म्हणाली. "पर ती रानात एकली का ऱ्हायली, ते सांग की आधी."

 शिष्याने गुरूंकडे पाहिले.

"बाळ, घोड्याला पंख लावताना तुझी कल्पना केवढी धावली," गुरू म्हणाले. "चेटकीण मात्र तू कल्पिलीच नाहीस. गावाने हिच्यावर मारलेला शिक्का जसाच्या तसा उचललास. तुझ्या पाताळातही बाईने गप्पच बसायचे असेल, तर त्यात अद्भुत ते काय?"

शिष्य ताडकन उठला. कथेकऱ्याची जागा सोडून तो सगुणेसमोर येऊन बसला. "मावशी, आता तुम्ही सांगा. हुंकार मी देतो."

 सगुणा म्हणाली, "साथ आली तवा मी काढा घिऊन घरोघर फिरले. जाईन तितं पोर आधीच तापानं फणफणल्यालं. काही वाचली, काही गेली. लोक म्हनले, हिनं हात लावला म्हनून गेली."

"हं," शिष्य म्हणाला.

"उद्या यात्रेत हीच कथा सांग," गुरू हळूच म्हणाले.

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, कोणीतरी "हं" म्हणाले. मग आणखी एकीने म्हटले, आणि कथा पुढे निघाली.